‘ती सोडून’

माझ्या लॅपटॉपवर एके काळी रेझ्युमेच्या चार फाइली होत्या. ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘फायनल खरंच’ आणि चौथी ‘ती सोडून’. ती म्हणजे नोकरी. अकरा आठवडे केली, सोडली, आणि पुढचे पाच महिने तिला कागदावर ठेवायचं की नाही यात घालवले. म्हणजे जितके दिवस तिथे काम केलं, त्याच्या दुप्पट दिवस ती लपवण्यात गेले.

ती ओळ पुसली की खालचा सगळा मजकूर एक घर वर सरकायचा. दोन मिनिटं बरं वाटायचं. मग लक्षात यायचं की आधीची नोकरी फेब्रुवारीत संपते आणि पुढे काहीच नाही. जून उजाडला, जुलै उजाडला, आणि कागदावर मी फेब्रुवारीपासून नुसती बसून. मग कंट्रोल झेड. ओळ परत आली की ‘मार्च ते मे’ हे शब्द पानभर पसरल्यासारखे दिसायचे, त्याच्या वरची चार वर्षांची नोकरी दिसायचीच नाही.

झालं होतं ते असं. मी यंत्रांची मॅन्युअल लिहिते. झाकण कसं उघडायचं, कुठला दिवा लागला तर काय समजायचं, कुठल्या बटणाला चुकूनही हात लावायचा नाही, हे वापरणाऱ्याला कळेल अशा भाषेत लिहायचं. चार वर्षं एका ठिकाणी हेच केलं आणि मग दुसरीकडून बोलावणं आलं. पद वरचं, पगार वाढीव. मुलाखतीत तिथल्या साहेबांनी पांढऱ्या फळ्यावर त्यांच्या नव्या यंत्राचं चित्र काढून वीस मिनिटं समजावून सांगितलं. चित्र सुंदर होतं. मी माना डोलावल्या.

रुजू झाले त्या दिवशी विचारलं, ‘यंत्र कुठे आहे?’ म्हणाले, ‘येतंय.’ दुसऱ्या आठवड्यात विचारलं. येतंय. तिसऱ्या आठवड्यात यंत्राच्या ऐवजी एक यादी आली. जुन्या मालाचे पैसे थकवलेल्या गिऱ्हाइकांची. ‘तुमची भाषा चांगली आहे ना, मग तोवर जरा फोन करा.’ सहाव्या आठवड्यापर्यंत कुठल्या गिऱ्हाइकाकडचा हिशेबनीस ‘साहेब बाहेर गेलेत’ म्हणतो आणि कुठला ‘चेक तयार आहे, सही राहिली आहे’ म्हणतो, हे मला पाठ झालं होतं. नवव्या आठवड्यात राजीनामा दिला. प्रोबेशनमध्ये दोन आठवड्यांची नोटीस होती, ती भरली. ते यंत्र मी शेवटपर्यंत पाहिलं नाही.

नोकरी सोडल्यावर सल्ले आपोआप येतात. वडीलधारे म्हणाले, ‘वर्षभर तरी काढायचं होतंस.’ बरोबरीचे म्हणाले, ‘टाकूच नको बायोडेटात, कोणाला कळतंय!’ पहिल्यांचं ऐकायची वेळ निघून गेली होती, म्हणून मी दुसऱ्यांचं ऐकलं.

पहिल्या मुलाखतीला ‘ती सोडून’ घेऊन गेले. समोर दोघं होते. त्यातल्या बाई बोलत कमी होत्या. पेनाचं टोपण कागदावरून वरून खाली फिरवत होत्या, हळूहळू, आपण तांदूळ निवडताना बोट फिरवतो तसं. टोपण फेब्रुवारीपाशी थांबलं. ‘त्यानंतर?’

मी म्हणाले, ‘थोडा ब्रेक घेतला. स्किल्स वाढवत होते.’

‘छान. कोणती?’

प्रश्नात खोच नव्हती. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मी कुठल्याशा ऑनलाइन कोर्सचं नाव घेतलं, त्यांनी त्याबद्दल पुढचा प्रश्न विचारला, आणि तिथून पुढची दहा मिनिटं मी न केलेल्या अभ्यासाची परीक्षा देत होते. अकरा आठवड्यांच्या नोकरीबद्दल मला कोणी काही विचारू नये, म्हणून मी तिच्या जागी एक असं काही ठेवलं होतं ज्याबद्दल कोणी विचारलं तर मला सांगताच येत नव्हतं. टोपण पुन्हा फिरलं नाही. बाईंनी ते पेनाला लावून ठेवलं.

दुसऱ्या मुलाखतीला मी शहाणी होऊन गेले, म्हणजे उलट्या बाजूने चुकायला. या वेळी ओळ ठेवली. त्यांनी विचारलं, ‘हे लवकर सोडलंत?’ आणि माझं धरण फुटलं. फळ्यावरचं चित्र, येतंय-येतंय, यादी, हिशेबनीस, सगळं सांगितलं. साहेबांची नक्कलही बहुधा केली. सात-आठ मिनिटं तरी बोलत होते. समोरचे गृहस्थ हसले सुद्धा. मला वाटलं जमलं. जाताना त्यांनी विचारलं, ‘आणि आमच्याकडे यंत्राला उशीर झाला तर?’ मी म्हणाले, ‘नाही, तसं नाही.’ कसं नाही, ते मात्र सुचलं नाही.

माझी एक मैत्रीण पंधरा वर्षं माणसं नेमायचं काम करते. तिला विचारायला मला लाज वाटत होती, म्हणून सगळ्यात शेवटी विचारलं. तिने चारही फाइली मागवल्या आणि आधी नावांवरच हसली. मग म्हणाली, ‘अगं, तू एकच उत्तर सगळ्या कागदांना लावतेयस. कागद वेगवेगळे असतात.’

हे मला कोणी शिकवलं नव्हतं, आणि इतकं साधं आहे की शिकवायची कोणाला गरजही वाटत नसावी. रेझ्युमे हा मूळ फ्रेंच शब्द, त्याचा अर्थच सारांश. सीव्ही म्हणजे करिक्युलम व्हिटे, लॅटिनमध्ये आयुष्याचा प्रवास. सारांशात काय घ्यायचं ते लिहिणाऱ्याने ठरवायचं असतं. त्यात आठ वर्षांपूर्वीची तीन महिन्यांची नोकरी नसली तर कोणी फसवलं असं होत नाही. लिओनार्दो दा विंचीने १४८२च्या सुमारास इटलीतल्या मिलानचा कारभार हाकणाऱ्या लुदोविको स्फोर्झाकडे काम मागण्यासाठी पत्र तयार केलं. जगातला पहिला रेझ्युमे म्हणून त्याचं कौतुक होतं. त्यात मुद्दे पाडून लिहिलंय की मी हलके पूल बांधतो, तोफा करतो, वेढा घातलेल्या किल्ल्याच्या खंदकातलं पाणी काढतो. चित्रं काढतो हे अगदी शेवटी, जाता जाता. कारण समोरच्याला चित्रकार नको होता, युद्धाच्या कामाचा माणूस हवा होता. त्या पत्रात एक गोष्ट नाही. फ्लॉरेन्सजवळच्या एका मठाने १४८१ मध्ये त्याला मोठं चित्र काढायला दिलं होतं आणि ते अर्धवट टाकून तो मिलानला गेला. मुलाखतीच्या भाषेत सांगायचं तर हातातलं काम सोडून आलेला उमेदवार. ते अर्धवट चित्र आजही फ्लॉरेन्सच्या उफिझी संग्रहालयात आहे, बघणाऱ्यांची गर्दीही असते. पण पत्रात त्याचा उल्लेख नाही, आणि तसं नसण्याला कोणी लबाडी म्हणणार नाही.

अर्जाचा फॉर्म मात्र सारांश नसतो. तिथे लिहिलेलं असतं, आजवरच्या सर्व नोकऱ्या भरा. खाली आणखी एक ओळ असते, वर दिलेली माहिती खरी व पूर्ण आहे. त्याखाली आपली सही, किंवा हल्ली नुसती टिचकी. तिथे अकरा आठवडे गाळले की ते गाळणं राहत नाही, खोटं होतं. मैत्रीण म्हणाली, ‘आम्ही व्हेरिफिकेशनला पाठवतो तेव्हा कोण किती दिवस टिकलं हे मोजत नाही. तू दिलेल्या तारखा आणि त्यांनी दिलेल्या तारखा जुळतात का, एवढंच बघतो.’ पगार, कर, विमा यांच्या नोंदी कुठे ना कुठे राहतातच. तीन महिन्यांची नोकरी कोणाला खुपत नाही, न जुळणारी तारीख खुपते. आणि ती खुपते कधी, तर ऑफर हातात आल्यावर, आपण जुन्या ठिकाणी राजीनामा देऊन मोकळे झाल्यावर. कधी कधी त्याच्याही नंतर. याहू कंपनीचे प्रमुख स्कॉट थॉम्पसन जानेवारी २०१२ मध्ये नेमले गेले आणि मे महिन्यात पायउतार झाले, कारण त्यांच्या परिचयात हिशेबशास्त्राच्या खऱ्या पदवीला कॉम्प्युटर सायन्सची न घेतलेली पदवी जोडलेली निघाली. थॉम्पसन त्याआधी पेपॅलचे प्रमुख होते, त्या जादा पदवीची त्यांना काडीची गरज नव्हती. आणि गंमत अशी की त्या चुकीपायी त्यांच्या परिचयात चार महिन्यांची नोकरी कायमची येऊन बसली.

मैत्रिणीने माझी ‘ती सोडून’ फाइल माझ्यासमोर डिलीट करायला लावली. म्हणाली, ‘दोन वर्षांनी गाळ, चालेल. आत्ता नको. आत्ता ती गाळलीस तर तिच्याजागी भोक दिसतं, आणि भोकात माणसं वाट्टेल ते भरतात. तुरुंग, आजारपण, भांडण. अकरा आठवडे त्यापुढे फारच सपक आहेत.’ मग मी नुसती वर्षं टाकायची युक्ती विचारली, महिने न लिहिता. ती हसली. ‘ज्यांच्या हे लक्षात येणार नाही असं तू समजतेस, ते हेच बघून महिने विचारतात.’

ही तर झाली कागदाची बाजू. मला अडलं होतं ते तोंडी उत्तर. ती म्हणाली दोन वाक्यांत सांग. मी सांगून पाहिलं. ‘कामाचं स्वरूप सांगितल्यापेक्षा वेगळं निघालं. म्हणून सोडलं.’ दोनच वाक्यं होती, खरीही होती, तरी ती गप्प बसली. मग म्हणाली, ‘यात तू कुठे आहेस?’

मी चिडले. यात मी कुठे असणार? फसवलं त्यांनी, फोन करायला लावले त्यांनी. घरी येऊन रात्री तोच प्रश्न घोळत राहिला. मग एकदम फळ्यावरचं चित्र आठवलं. वीस मिनिटं मी त्या चित्रापुढे बसले होते. चार वर्षं यंत्रांवर लिहिणारी बाई मी, झाकण उघडल्याशिवाय एक ओळ न लिहिणारी, आणि मी एकदाही म्हणाले नाही की जरा यंत्र दाखवता का? पद दिसत होतं, पगार दिसत होता. विचारलं आणि हातचं गेलं तर, ही भीती होती. त्यांनी लपवलं असेल किंवा त्यांनाही खरंच वाटत असेल की येतंय. माझ्या बाजूने मात्र मी बघायचं नाही असंच ठरवलं होतं.

हे कबूल करायला मला खरं तर बरं वाटलं, कारण या भागावर माझा ताबा होता. साहेबांना मी बदलू शकत नव्हते. पुढच्या ठिकाणी यंत्र बघायला मागणं माझ्या हातात होतं.

ब्रायन क्लफची गोष्ट मला त्याच सुमारास सापडली. इंग्लंडमधले फुटबॉलचे प्रशिक्षक. लीड्स युनायटेड या तेव्हाच्या विजेत्या संघाने १९७४ मध्ये त्यांना आणलं आणि ४४ दिवसांत घालवलं. याच लीड्सच्या खेळाला क्लफ आधी कित्येक वर्षं उघडपणे नावं ठेवत आले होते, आणि आता त्याच खेळाडूंपुढे येऊन उभे राहिले. शिवाय त्यांचे जोडीदार पीटर टेलर, ज्यांच्याशिवाय त्यांचं पान हलत नसे, ते लीड्सला आलेच नव्हते. जानेवारी १९७५ मध्ये क्लफ दुसऱ्या श्रेणीतल्या नॉटिंगहॅम फॉरेस्टमध्ये गेले. पुढच्या वर्षी टेलर येऊन मिळाले. १९७८ मध्ये फॉरेस्टने इंग्लंडची लीग जिंकली आणि १९७९ व १९८० मध्ये लागोपाठ युरोपियन कप. अपयशातून यश वगैरे मला त्यात वाचायचं नाही. एवढ्या मोठ्या माणसाचे सुद्धा ४४ दिवस पुसता येत नाहीत, आजही त्यांचं नाव निघालं की ते निघतातच. मला त्यात टेलर महत्त्वाचे वाटतात. कशाची उणीव होती हे कळलं, आणि पुढच्या ठिकाणी ती भरून निघाली.

माझी गोष्ट सोपी होती, हेही सांगितलं पाहिजे. मी स्वतः सोडली होती. ज्याला प्रोबेशनमध्येच काढलं त्याचं काय? त्याने ‘सोडली’ म्हणू नये, इतकं मला मैत्रिणीकडे बसून कळलं, कारण तो एकच शब्द पडताळून बघायला एक फोन पुरतो. काय जमलं नाही ते सांगावं, आणि ते आता जमतं की तसलं काम आता घ्यायचंच नाही, यातलं खरं असेल ते सांगावं. कंपनीने माणसं कमी केली आणि शेवटी आलेले पहिले गेले, तर त्यात शरमेचं काहीच नाही. तरी लोक ते कुजबुजत का सांगतात ते मला कळत नाही. ‘आमची पूर्ण टीम गेली’ हे चार शब्द मोठ्याने म्हणता येतात. कामच मुळात तीन महिन्यांचं ठरलेलं असेल तर पदापुढे ‘कंत्राटी’ लिहिलं की प्रश्नच मिटतो. कित्येक जण तेही लिहीत नाहीत आणि मग मुलाखतीत खुलासे करत बसतात.

सगळ्यात अवघड असतो तो नोकरीत असतानाच दुसरीकडे अर्ज करणारा. तिसऱ्याच महिन्यात. त्याला वाटतं, सांगितलं तर म्हणतील इथूनही पळेल. तशी शंका येणारच, ती रास्तही आहे. पण ‘सध्या काय करता?’ या प्रश्नाला दुसरं उत्तर नसतं. आणि अशा दोन नोकऱ्या लागोपाठ झाल्या असतील तर मी वर म्हणतेय ती दोन वाक्यं पुरणार नाहीत. तिथे दुसऱ्यांदा तेच न बघता का गेलो, हे आधी स्वतःलाच विचारावं लागेल.

तिसरी मुलाखत ऑक्टोबरमध्ये झाली. कागदावर ओळ होती, साधी, बाकीच्यांच्याच आकारात. पद, महिने, आणि खाली ‘ग्राहकांशी थकबाकीबाबत संपर्क’. होय, तेही लिहिलं. केलं होतं ना.

प्रश्न आलाच. मी म्हणाले, ‘मला मॅन्युअल लिहायला घेतलं होतं, पण यंत्र तयार व्हायला अजून बराच अवकाश होता, आणि मधल्या काळात दुसरं काम आलं. रुजू व्हायच्या आधी मी यंत्र बघायला मागितलं नाही, तिथे मी चुकले.’ इथे थांबायचं ठरवलं होतं. थांबणं फार कठीण असतं. समोरचा काही बोलत नाही, शांतता वाढते आणि जीभ आपोआप तो हिशेबनीस, ती यादी शोधायला निघते. मी तिला आवरलं आणि ठरवलेला प्रश्न विचारला. ‘म्हणून आज विचारते. मी ज्यावर लिहिणार आहे ते आत्ता कुठल्या टप्प्यावर आहे? बघता येईल?’

समोरच्या गृहस्थांनी शेजारच्यांकडे पाहिलं. मला वाटलं, संपलं. ते उठले आणि म्हणाले, ‘या.’

पलीकडच्या खोलीत लांब टेबलावर एक पंप होता. झाकणाचे चारपैकी तीन स्क्रू काढलेले, चौथ्यावर झाकण लोंबकळत होतं. आतल्या वायरींना कागदी चिकटपट्टीच्या चिठ्ठ्या आणि त्यावर पेन्सिलीने आकडे. ७ हा आकडा दोन वायरींवर होता. मी विचारलं, ‘हे दोन्ही सात?’ तिथला मुलगा वाकून बघत म्हणाला, ‘अरे बापरे.’

नोकरी मिळाली. पण हे दोन वाक्यांचं उत्तर म्हणजे जादू नाही. त्याच महिन्यात आणखी एका ठिकाणी अगदी हेच, याच सुरात सांगितलं, आणि त्यांनी कळवलं की आम्हाला स्थिर उमेदवार हवा. हरकत नाही. त्यांना जे हवं होतं ते त्यांनी सांगितलं. कित्येक ठिकाणी तर माणसाने कागद बघायच्या आधी तो संगणकच चाळतो, आणि संगणकाला वाक्यं ऐकवता येत नाहीत.

या गोष्टीला बरीच वर्षं झाली. मध्यंतरी रेझ्युमे नीट करायला घेतला तर मजकूर दोन पानांवरून तिसऱ्यावर सांडत होता. काय काढता येईल बघत खाली गेले आणि ती ओळ दिसली. मार्च ते मे. काढून टाकली. मजकूर एक घर वर सरकला, दोन पानांत बसला, आणि मी पुढच्या कामाला लागले.

त्याच आठवड्यात एका ठिकाणचा ऑनलाइन फॉर्म भरत होते. आजवरच्या सर्व नोकऱ्या. एकेक भरत तिथपर्यंत आले. कधीपासून, मार्च. कधीपर्यंत, मे. पद. शेवटी एक चौकट, नोकरी सोडण्याचं कारण. मी लिहिलं, ‘यंत्र तयार नव्हतं.’ पुढचं पान उघडेना. चौकटीखाली लाल अक्षरात आलं, उत्तर फार लहान आहे.

मी पुढे लिहिलं, ‘आणि मी विचारलं नव्हतं.’ लाल अक्षरं गेली.